सतरा नंबरचा हापसा

३ ऑगस्ट

कामाची वही वेगळी आहे. ती महिन्याच्या शेवटी चिक्वावाच्या पाणीखात्याच्या ऑफिसात जाते आणि साहेब तिच्यावर शिक्का मारतात. ही वही माझी. कोरडा मोसम लागला की हिच्यात लिहायला बसतो, कारण हापसे तेव्हाच बिघडतात आणि माझं डोकंही.

आज साहेबांनी ब्लँटायर शहरातल्या कॉलेजातली दोन पोरं समोर उभी केली. म्हणाले, "फानुएल, ही दोघं तुझ्या हापशांवर काम करणार. त्यांना फिरव."

मुलीचं नाव तियामिके. वय एकवीस. बोलण्याआधी समोरच्याकडे नीट बघून घेते. मुलगा वोंगानी, उत्तरेकडच्या थंड डोंगरातला. इथल्या उन्हात तासाभरात त्याचं तोंड भाजलेल्या रताळ्यासारखं झालं. त्यांची कल्पना अशी: मोबाइलवर एक ॲप असणार. हापसा बिघडला की गावकऱ्यांनी फोटो काढून त्यावर टाकायचा. लगेच मला कळणार.

मी विचारलं, "कान्यिम्बी गावात फोन किती आहेत, माहीत आहे?"

"किती, बाम्बो?" मुलीने बापाला विचारावं तसं विचारलं.

"दोन. दोन्ही बटणांचे. चार्ज करायला बाजारात न्यावे लागतात, बाजार बुधवारी."

वोंगानी हसला. मुलगी हसली नाही. तिने वहीत काहीतरी खोडलं.

माझ्याकडे दुरुस्तीला एकतीस हापसे आहेत. सव्वीस वर्षं मी आणि माझी सायकल. आता शहाणपणा शिकवायला कॉलेजची पोरं येणार. चार दिवसांत उन्हाने पळतील.

९ ऑगस्ट

पळाली नाहीत. शाळेच्या खोलीत चटई टाकून राहतात. ॲप सोडून दिलं म्हणे. मी म्हटलं, एवढ्यात? तियामिके म्हणाली, "ज्याच्याकडे फोन नाही त्याला ॲप देणं म्हणजे बोडक्याला कंगवा देण्यासारखं."

मला हसू आलं. तिला दाखवलं नाही.

३० ऑगस्ट

नवी कल्पना. माणसाने कळवायचंच नाही, हापशानेच कळवायचं. साबणाच्या वडीएवढी डबी दांड्याजवळ बसवायची. दांडा किती वेळा वर-खाली झाला ते ती मोजते आणि संध्याकाळी फोनवर मेसेज पाठवते. दिवसभर दांडा हललाच नाही, तर हापसा मेला असं समजायचं. वर उन्हावर चालणारी काचेची चमकती पाटी.

खरं लिहितो. मला ही डबी आवडली नाही. हापसा कधी बंद पडला आणि फानुएल कधी पोचला, दोन्ही ऑफिसात कळणार. मी एलिडाला म्हटलं, "माझ्यावर पहारेकरी बसवतायत."

ती चुलीवर मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळत होती. म्हणाली, "वेळेवर जाणाऱ्याला पहाऱ्याची काय भीती?"

बायको चांगली आहे, पण असं बोलते.

५ सप्टेंबर

पाच नंबरच्या हापशावरची पाटी चौथ्या दिवशी गायब. कुणीतरी रेडिओला लावली असेल. मनातून बरं वाटलं. आता जातील.

संध्याकाळी दोघं अंगणात आली. वोंगानीने विचारलं, "बाम्बो, तुम्ही असता तर कुठे बसवली असती?"

सव्वीस वर्षांत ऑफिसातल्या एकाही माणसाने मला असं विचारलेलं नाही. मी हापशाचं डोकं उघडून दाखवलं. आत, दांड्याच्या खिळीमागे हाताच्या पंजाएवढी जागा असते. तिथे डबी कुणाच्या नजरेला पडत नाही. पाटीऐवजी साधी बॅटरी घालायची, वर्षातून एकदा मी बदलीन. हे मी का बोललो कुणास ठाऊक. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि वोंगानीने माझ्या तळहाताचं माप काढलं.

१४ सप्टेंबर

शाई फार फिकी निघाली आहे ही. वहीच्या रेघासुद्धा हल्ली नावापुरत्या छापतात.

आज फोनवर पहिला मेसेज आला. मी सायकलवर होतो, वाचत बसायला वेळ नव्हता, म्हणून फोन तियामिकेकडे दिला. तिने वाचून दाखवला. "तुम्ही बघा ना," म्हणाली. मी म्हटलं, उन्हात स्क्रीन दिसत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. आम्ही आंब्याच्या सावलीत उभे होतो.

२ ऑक्टोबर

तियामिके सहा दिवस कान्यिम्बीला जाऊन राहिली आहे. सतरा नंबरच्या हापशाशेजारी बसते, बायकांबरोबर हापसते, डोक्यावर बादल्या वाहते. कशासाठी? मोजण्यासाठी. जाण्याआधी मी म्हटलं होतं, डबी मोजते की. ती म्हणाली, "डबीला आकडा कळतो. त्याचा अर्थ बायकांना कळतो."

मी कान्यिम्बीला शक्यतो जात नाही, गेलो तर काम करून लगेच निघतो. कारण लिहायला हवं. गेल्या नोव्हेंबरात सतरा नंबर अकरा दिवस बंद होता. बायका नदीवर जाऊ लागल्या. शिरे नदीच्या त्या वळणावर मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, पण तहान माहिती ऐकत नाही. दहाव्या दिवशी सकाळी लिनेसी नावाची अकरा वर्षांची मुलगी बादली बुडवायला वाकली. तिची आई ओलिपा दहा पावलं मागे होती.

मला निरोप मिळाला नव्हता. म्हणजे मिळाला होता, पण चुकीचा. तिसऱ्या दिवशी एका सायकलवाल्याच्या हाती चिठ्ठी आली होती, तीत अकरा नंबर बिघडलाय असं लिहिलं होतं. मी उन्हातान्हात अकरा नंबरला गेलो. हापसा ठणठणीत होता. कुणीतरी चेष्टा केली म्हणून शिव्या देत परत आलो. नंतर गावची बैठक बसली तेव्हा मी सगळ्यांसमोर हेच सांगितलं: चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची. ओलिपा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

८ ऑक्टोबर

तियामिके परत आली. काळी पडली आहे, हाताला फोड आहेत, पण चेहरा फुलला आहे. ओलिपाने तिला सांगितलं म्हणे, की हापसा एकदम मरत नाही, आधी आजारी पडतो. निरोगी असला की सकाळी पाच-सहा वेळा दांडा मारला, म्हणजे पाचव्या-सहाव्या हापशाला, पहिलं पाणी येतं. आतला वायसर झिजला की पंधरा लागतात, मग तीस, मग एक दिवस येतच नाही.

बायका हे मला वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. "बाम्बो, पाणी उशिरा येतं." मी म्हणायचो, "येतंय ना? मग झालं तर."

आता पोरं डबीला हेच शिकवणार. तोटीत पाणी आल्याचं कळणारी तार बसवायची आणि पहिल्या पाण्याआधीचे हापसे मोजायचे. म्हणजे हापसा मरायच्या आधी खबर. वोंगानी तीन दिवस तार जोडत बसला आहे, अंगावर ओलं फडकं घेऊन. ऊन बेचाळीसवर गेलं आहे.

तियामिके म्हणाली, "सगळ्या बायकांनी शाळेच्या पाटीवर खडूने रोजचे आकडे मांडले. ओलिपामायी तेवढी तयार नाही. म्हणते, माझ्या हातून आकडा लिहून घेऊ नकोस."

मी म्हटलं, "हट्टी आहे. चांगली सातवी शिकलेली बाई."

१० ऑक्टोबर

आज तियामिकेला गेल्या वर्षीची चिठ्ठी दाखवली. मी ती जपून ठेवली आहे, उद्या कुणी विचारलं तर पुरावा हवा. म्हटलं, "बघ, माणसांच्या निरोपात किती चुका असतात. म्हणून तुमची डबी बरी." एवढं कौतुक मी त्यांचं पहिल्यांदाच केलं.

तिने चिठ्ठी हातात घेतली. खूप वेळ बघितली. मग मला विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"गावातलंच कुणीतरी. मी विचारलं नाही."

"तुम्हाला इथे अकरा दिसतो?"

"अकराच आहे तो. दोन उभ्या काठ्या."

तिने चिठ्ठी घडी घालून परत दिली आणि एलिडाला भाजी निवडू लागायला गेली. काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. शहरातली मुलं थकतात लवकर.

१९ ऑक्टोबर

पोरांनी पुन्हा बदल केला. आता मेसेज येणार नाही, फोन वाजणार. उचलला की आवाजात सांगणार, कुठला हापसा आणि काय दुखणं. मी विचारलं, हा खटाटोप कशाला? तियामिके म्हणाली, "सगळ्या मेकॅनिकना वाचता येतंच असं नाही, बाम्बो." मला पटलं. पलीकडच्या भागातला म्हातारा मेकॅनिक शाळेत गेलेलाच नाही, त्याला बिचाऱ्याला फार सोयीचं होईल.

आवाज आमच्या सेना भाषेत हवा. तियामिकेची सेना ऐकून एलिडा पोट धरून हसली. "पोरी, तू हापसा म्हणतेस की कोंबडी?" मग शेवटी एलिडाचाच आवाज भरला. एकतीस हापशांची नावं तिने एकतीस वेळा म्हटली, मध्ये कोंबडा आरवला तर पुन्हा म्हटली. मी म्हटलं, म्हणजे आता घरात तू आणि रस्त्यावरही तू.

ती म्हणाली, "घरात ऐकत नाही, रस्त्यावर तरी ऐकाल."

९ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता फोन वाजला. एलिडा समोर चूल फुंकत होती आणि फोनमधूनही एलिडाच बोलली: "कान्यिम्बी. सतरा नंबर. पहिलं पाणी सव्विसाव्या हापशाला. आज जा."

समोरची एलिडा म्हणाली, "ऐकलं ना? जा."

गेलो. बायकांची रांग लागली होती, पाणी येत होतं. एक जण म्हणाली, "चालू हापसा कशाला उघडता?" ओलिपा पाठ करून उभी. मी रॉड वर काढले. वायसर अर्धा फाटला होता, एका बाजूने धाग्यावर लोंबत होता. फार तर दोन दिवस टिकला असता. तासाभरात बदलला. पाचव्या हापशाला पाणी आलं.

बायकांनी भांडी भरली आणि घरी गेल्या. आभार कसले मानणार? काही घडलंच नव्हतं. मी परतीच्या वाटेवर नदीच्या वळणापाशी सायकल थांबवली. काठावर एकही बादली नव्हती. तिथे बराच वेळ बसलो. घरी आल्यावर एलिडाने डोळे लाल का म्हणून विचारलं. धूळ, म्हटलं.

पोरं गेल्या आठवड्यात ब्लँटायरला परत गेली, त्यांना हे फोनवर कळवलं. वोंगानी म्हणाला, "बाम्बो, आम्ही दोघं इथे रस्त्यात नाचतोय."

२५ नोव्हेंबर

कॉलेजचा नवा नियम. या कामातल्या सगळ्या मेकॅनिकची तपासणी होणार: कान, डोळे, पाठ. मी म्हटलं, माझ्या सायकलचीही करा. तियामिके स्वतः न्यायला आली. एलिडाने माझे कपडे आधीच पिशवीत भरून ठेवले होते. हिला कसं कळलं?

मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून बघितलं आणि विचारलं, "सायकल चालवता तुम्ही?"

"रोज."

"रस्त्यावरच्या लोकांचं नशीब थोर आहे." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त पिकलेला. मी सांगितलं, मला व्यवस्थित दिसतं. त्यांनी बोटं दाखवली. मी तीन म्हटलं. त्यांनी हात दाखवलाच नव्हता म्हणे, रुमाल धरला होता.

बाकीचे मेकॅनिक मात्र तपासणीला कुणीच दिसले नाहीत. त्यांची तारीख वेगळी असेल.

१७ डिसेंबर

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी काढून आठवडा झाला. आज प्रथमच लिहितो आहे.

ही वही मागे चाळली आणि थांबलो. शाई काळीभोर आहे. रेघाही आहेत, निळ्या, ठळक. माझीच अक्षरं त्यांच्यावरून खाली घसरली आहेत, दोन ठिकाणी ओळीवर ओळ चढली आहे.

एलिडाच्या केसांत पांढरं कधी आलं? मी विचारलं. ती म्हणाली, "सहा वर्षं झाली."

१८ डिसेंबर

चिठ्ठी काढली. दारातल्या उजेडात धरली.

17. स्वच्छ सतरा. सातच्या डोक्यावरची आडवी रेघ अशी सरळ मारली आहे की मास्तरांनी फळ्यावर मारावी. एवढंच नाही, आकड्याखाली गावाचं नावही आहे: कान्यिम्बी. मी गाव वाचलंच नव्हतं. बारीक अक्षर म्हणून सोडून दिलं होतं.

दिवसभर जेवलो नाही. एलिडाला सांगितलं. ती शेजारी येऊन बसली.

१९ डिसेंबर

तियामिकेला फोन केला. "तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो, बाम्बो."

"मग बोलली का नाहीस?"

"न दिसणाऱ्या माणसाशी चिठ्ठीवरून वाद घालून काय मिळालं असतं? आधी फोनला आवाज बसवला. मग डॉक्टरांची तारीख मिळवली." पुढे म्हणाली, "आता दिसतंय ना? आता तुम्ही काय ते बघा. ओलिपामायीला भेटा."

"ओलिपाचं काय यात?"

"भेटा तुम्ही."

माझ्या धाकट्या मुलाहून लहान पोर. मला रागवायचं होतं, रागावता आलं नाही. मी सव्वीस वर्षांत एवढ्या लोखंडाला हात लावला, पण एखाद्या माणसाची अब्रू न दुखवता त्याची दुरुस्ती करणं मला कधी जमलं नसतं.

४ जानेवारी

सोळा दिवस टाळलं. पाऊस, चिखल, सण, सगळी कारणं वापरून झाली. आज गेलो.

ओलिपा मक्याच्या शेतात खुरपत होती. बांधावर उभं राहून मी सगळं सांगितलं: चिठ्ठी बरोबर होती, सतराच लिहिला होता, मला दिसलं नाही. मला दिसत नाही हे मी स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. आणि बैठकीत लिहिणाऱ्यावर ढकललं.

तिने खुरपं खाली ठेवलं. हात पुसले आणि उजवा पुढे केला. मी चिठ्ठी दिली. ती बघत राहिली. मग बोट आकड्यावर ठेवून म्हणाली, "हा सात माझा आहे."

मला आधी कळलंच नाही.

"मी लिहिली होती. तुम्ही बैठकीत अकरा म्हणालात तेव्हा मला वाटलं, घाईत लिहिलं, चुकलं असेल माझ्याकडून. चौदा महिने रोज तो सात मनात काढून बघते. कधी बरोबर येतो, कधी नाही."

मी बांधावर बसलो. म्हटलं, मारायचं तर मार. तिने खुरपं उचललं. वाटलं, खरंच मारते. पण ती ओळीच्या टोकापर्यंत खुरपत गेली आणि तशीच परत आली. चेहरा ओला होता. पाऊसही पडत होता.

"सांगून झालं?"

"झालं."

"मग मला हापसा उघडायला शिकवा. डबीने सांगायचं, तुम्ही वीस मैलांवरून यायचं, तोवर आम्ही वाट बघायची. मला वाट बघायची नाही."

तिने मला माफ केलं की नाही, कळलं नाही. शिकवणं बुधवारपासून सुरू करायचं ठरलं. चिठ्ठी तिने कमरेच्या कापडाच्या गाठीत बांधून घेतली.

२६ जानेवारी

तीन धडे झाले. ओलिपाला रॉडचे आटे एकदाच दाखवावे लागले. पान्याला बळ कमी पडतं म्हणून ती दांडीवर सगळं अंग टाकते. वोंगानीला हे फोनवर सांगितलं. त्याने लांब दांडीचा पाना बनवून बसने पाठवला, सोबत कागद: "बायकांच्या वजनावर मोजून केलाय." पार्सलात ओलिपासाठी एक फोनही होता; तियामिकेने सतरा नंबरच्या यादीत तिचा नंबर माझ्या आधी घातला. म्हणजे फोन आधी तिला, नंतर मला. माझं तोंड थोडं वाकडं झालं, मग मीच सरळ केलं. इतर गावांतल्या चार बायकांनी विचारलं आहे, आम्हाला कधी शिकवणार.

११ फेब्रुवारी

सकाळी फोनमधली एलिडा बोलली: "कान्यिम्बी. सतरा नंबर. पहिलं पाणी बाविसाव्या हापशाला." चिखलातून सायकल ढकलत पोचायला दहा वाजले. तोवर हापशाचं डोकं उघडलेलं, रॉड गवताच्या चटईवर ओळीने मांडलेले, फाटका वायसर बाजूला. ओलिपा गुडघ्यावर बसून नवा बसवत होती. भोवती बायका बघत होत्या.

मी पिशवी उघडायला लागलो.

"राहू द्या," ती वर न बघता म्हणाली. "रॉड आत सोडायचेत. दोरीला माणूस हवाय एक. घट्ट धरा."

मी दोरी धरली.